आजच्यापुरती मोळी

इलारियोने मोठी करवत बाहेर काढून तिला तेल लावायला घेतलं, तेव्हाच मला कळलं की या वेळी माझा भाऊ नुसता बोलत नाहीये.

ही करवत दोघांनी ओढायची. माणसाच्या उंचीहून लांब. एरवी ती छपराला बांधून ठेवलेली असते, कारण तिचं काम क्वचितच निघतं. आमच्या तितिकाका तळ्यावरची बेटं लव्हाळ्याचे थर घालून बांधलेली, तरंगती; इथली भांडणं कोर्टात जात नाहीत. एखाद्या घराचं बाकीच्यांशी जमेनासं झालं, की सगळे मिळून बेट कापतात, दोर सोडतात आणि ते घर त्याच्या तुकड्यासकट पाण्यात ढकलून देतात. जा बाबा, तुझं तू बघ. तो तुकडा पुढे कुठे अडकतो आणि त्याला कोण दोर टाकतं, ते ज्याचं त्याने पाहावं.

या वेळी कापायचं होतं ते बेटाचं टोक, जिथे माझ्या जावयाचं घर होतं.

नेमेसियो माणूस वाईट नाही. लव्हाळ्याची होडी बांधण्यात त्याचा हात धरणारा आजूबाजूच्या बेटांवर कोणी नाही, आणि बोलायला लागला तर रडणारं माणूसही हसेल. पण काठावरच्या पुनो शहराच्या बाजाराला मासे घेऊन गेला, की उसाची दारू त्याला आधी भेटायची आणि बटाटे नंतर. कधी कधी बटाटे भेटायचेच नाहीत. माझी लेक विल्मा दोन मुलींना कुशीत घेऊन धक्क्याकडे बघत बसायची. मी माझ्या चुलीपाशी बसून तिच्याकडे बघायची.

मग एकदा शहरात चर्चची मोठी संजीवन सभा झाली, माणसांची मनं पालटवणारी. नेमेसियो गर्दीतून पुढे गेला, गुडघे टेकले, लहान मुलासारखा रडला. घरी येऊन त्याने सगळ्यांसमोर साक्ष दिली की जुना नेमेसियो मेला, हा नवा आहे. आम्हीही रडलो. विल्माने त्या आठवड्यात त्याच्या सदऱ्यावर नवी वेलबुट्टी भरली. हे सगळं फेब्रुवारीच्या जत्रेपर्यंत टिकलं. जत्रेत ढोल वाजले, कोणीतरी पेला पुढे केला, आणि जुना नेमेसियो उठून बसला. पुढच्या सभेला तो पुन्हा गेला, पुन्हा तसाच पेटून आला, पुन्हा विझला. त्यानंतर हुलियाकाला झालेल्या सभेचीही तीच गत.

आमच्याकडे पहाटे लव्हाळ्याच्या झोपडीत प्रार्थना होते. ती कोणाला पेटवणारी नाही. पाचसहा माणसं येतात, त्यातला एक डुलक्या घेतो, माझी भावजय खोकते, कोणीतरी एक वचन वाचतं. माझी पाळी असली की वेळ लागतो. मी अक्षरं उतारवयात शिकले, त्यामुळे शब्दाखाली बोट धरून सावकाश जाते आणि एका वचनापलीकडे जात नाही. मग लहानशी प्रार्थना. मग प्रत्येकाने बाहेरच्या गंजीतून वाळलेल्या लव्हाळ्याची कवळ उचलायची आणि आदल्या दिवशी जिथे पाय ओला झाला असेल तिथे पसरायची. खालचा थर कुजतच असतो, पाणी वर चढतच असतं. त्यावर दुसरा इलाज नाही.

नेमेसियो या प्रार्थनेला येत नसे. सभेतून आलेला असला की म्हणे, आई, मी काठोकाठ भरून आलोय, मला काय गरज. आणि पडलेला असला की लाज वाटे म्हणून येत नसे. एकदा तर मला म्हणाला, "तुमची प्रार्थना म्हणजे सकाळची थंड लापशी." मी म्हटलं, लापशीवरच म्हातारी झाले रे मी. तो हसला.

करवत बाहेर निघाली ती माशांमुळे. इलारियो पाण्यात जाळ्याचा पिंजरा करून त्यात मासे वाढवतो. त्या दिवशी नेमेसियो बाजारातून पिऊन परतत होता, होडीत धाकटी नात होती. अंदाज चुकला, होडी थेट पिंजऱ्यावर गेली, जाळं फाटलं आणि विकायला आलेले मासे डोळ्यांदेखत तळ्यात पसार झाले. धाकटी कमरेपर्यंत भिजून थरथरत होती आणि तो होडीत उभा राहून माशांची माफी मागत होता.

इलारियो बेटाचा प्रमुख आहे. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की पोरीला आणि नातींना तू तुझ्या चुलीवर घे, त्याचं टोक मी कापतो. मी विल्माकडे पाहिलं. मला वाटलं ती भांडेल. ती तळ्यात भांडी धूत होती. भांड्यावरून हात न काढता म्हणाली, "कापू दे मामाला. मी त्याच्याबरोबर जायची नाही. पोरगी बुडाली असती, आई." आणि मग ती तेच स्वच्छ भांडं पुन्हा घासू लागली.

म्हणजे नेमेसियो जाणार होता तो एकटाच. बायको नाही, मुली नाहीत, बेट नाही. असा माणूस पुनोच्या धक्क्यावर किती दिवस टिकतो, ते आम्ही पाहिलेलं आहे.

मी भावाकडे एवढंच मागितलं की पाळक येईपर्यंत थांब. चर्चचे पाळक महिन्यातून एका शनिवारी मोटरबोटीने उपासनेला येतात. इलारियोने मान डोलावली, पण करवत परत छपराला बांधली नाही. ती त्याने दाराबाहेर टेकवून ठेवली, येताजाता दिसेल अशी.

नेमेसियोची दारू उतरली तसा त्याला एक विचार सुचला. तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याने शब्द दिला: उपासनेच्या झोपडीपासून माझ्या घरापर्यंतचं अख्खं टोक मी एकट्याने नव्याने घालतो. एवढं जाड, की वर्षभर तिथे कोणाला एक काडी टाकावी लागणार नाही. देवाच्या घराला माझी ही भेट. पुन्हा माझ्याबद्दल कोणी बोलायला नको.

आणि तो कामाला लागला. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत लव्हाळा कापत होता. हात चिरले, डोळे खोल गेले. होड्यांमागून होड्या भरून हिरवागार लव्हाळा येत होता आणि ढीग वर चढत होता. शेजारच्या बेटांवरची माणसं बघायला आली. इलारियोसुद्धा कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला की मनात आणलं तर गडी बैलासारखा राबतो.

मी त्याला सांगून पाहिलं. लव्हाळा आधी वाळव. पातळ पसर. ओला लव्हाळा एवढा एकावर एक दडपला तर तो आतून तापतो, हे काय तुला मी सांगायला हवं? त्याने वर पाहिलं नाही. म्हणाला, "आई, वाळवायला माझ्याकडे दिवस कुठे आहेत? शनिवार आलाय." त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडचं पोरही हे जाणतं. पण माणसाला एकदाच काय ते करून मोकळं व्हायचं असलं, की ठाऊक असलेलं मागे पडतं.

मग पाऊस लागला, थांबून थांबून पण रोज. ढिगातून सकाळच्या गारठ्यात वाफ निघू लागली. शेणाच्या खड्ड्यासारखा वास सुटला. वजनाने ते टोक हळूहळू खाली जाऊ लागलं. उपासनेची झोपडी एका बाजूला कलली, तशी विल्माने एका खांबाला दोर बांधून ती ओढून धरली.

शनिवारी पाळक आले. नवी पँट घालून आले होते. गाणी झाली, वचन झालं, आणि प्रार्थनेसाठी सगळ्यांनी गुडघे टेकले. गुडघ्यांखाली आधी नुसता ओलावा, मग गार पाणी. "आमेन" म्हणेपर्यंत पाळकांची पँट मांडीपर्यंत काळी झाली होती. तेवढ्यात इलारियो उठता उठता नेमेसियोकडे बोट करून म्हणाला, "पाहिलंत? याचा बाप्तिस्मा गुडघ्यापर्यंतच पोचलाय."

हसू फुटलं. पाळकांनाही आवरलं नाही. त्यांनी खोकल्यासारखं केलं. मीही हसले असेन. फक्त विल्मा हसली नाही. नेमेसियो उठला, टोपी उचलली आणि बाहेर गेला.

पाळक भले गृहस्थ आहेत. त्यांनी इलारियोला बाजूला घेऊन क्षमेबद्दल बरंच सांगितलं. इलारियोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की क्षमा मी केलीच आहे, पण बेट बुडतंय. वारा वाढायच्या आत पाळकांना निघावं लागलं. करवत सोमवारी चालवायची ठरली.

रविवारी पहाटे मी प्रार्थनेला निघाले तर नेमेसियो होडीचा दोर सोडत होता. अंगावर धुतलेला सदरा, डोक्यावर जत्रेची टोपी. मासे बरोबर घेतलेले नव्हते. मासे न घेता पुनोला जाणारा माणूस कशाला जातो ते मला कोणी सांगायला नको होतं.

मी घरात वळले, लव्हाळा कापायची लांब काठी घेतली, तिच्या टोकाच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि जाऊन त्याच्या होडीत बसले.

तो म्हणाला, आई, मी लव्हाळ्याकडे नाही चाललो. मी म्हटलं, मला वाटेत सोड. लव्हाळ्यात. सासूला होडीतून उचलून बाहेर ठेवणारा जावई अजून जन्मायचाय. त्याने वल्हं हाती घेतलं.

लव्हाळ्याच्या गल्लीत शिरल्यावर वारा थांबला. पाणकोंबड्या आत कुठेतरी कुरकुरत होत्या. मी काठी पाण्यात घातली आणि कापायला लागले. वयाच्या मानाने मी बरी कापते, पण त्या दिवशी मुद्दाम नाही, खरंच, हात चालत नव्हता. दोनतीनदा पातं नुसतंच घसरलं. तो बघत राहिला. मग त्याने काठी माझ्या हातातून घेतली.

कापता कापता तो बोलला. माझ्याकडे पाठ होती.

"देव माझ्यात उतरलाच नाही, आई. उतरला असता तर टिकला असता. मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा मला खरंच वाटलं होतं."

"तिन्ही वेळा खरंच असेल," मी म्हटलं.

"मग गेलं कुठे?"

"काल जेवलास का?"

"जेवलो."

"पोटभर?"

"हो."

"मग आज भूक का लागली? कालचं जेवण खोटं होतं?"

त्याने काठी पुन्हा पाण्यात घातली. कापलेले लव्हाळे पाण्यावर आडवे पडत होते, मी ते ओढून घेत होते. थोड्या वेळाने म्हणाला की तुमचं बरं आहे, तुम्हाला असं कोरडं पडायला होत नाही.

तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे मी पाळकांनाही सांगितलेलं नव्हतं. माझा नवरा वादळात गेला त्या हिवाळ्यात मी रोज पहाटे झोपडीत येत होते आणि कशावरही माझा विश्वास नव्हता. तोंडाने आमेन म्हणायची आणि मनात म्हणायची की वर कोणी नाही. लोकांना वाटायचं केवढी श्रद्धा बाईची.

त्याने कापायचं थांबवलं. "मग कशाला येत होतात?"

"जमीन ओली व्हायची. काडी टाकायला यावंच लागे. आलेच आहे तर बसत होते. विश्वास होता म्हणून मी येत नव्हते, नेमेसियो. मी येत राहिले, म्हणून तो कधीतरी परत आला. कुठल्या दिवशी आला तेही मला कळलं नाही."

सूर्य वर आला होता. लव्हाळ्याच्या फटीतून पलीकडच्या डोंगरावरची पुनोची पत्र्याची छपरं चमकत होती. तो तिकडे बघत होता, आणि मी तो बघतोय हे बघत होते. घसा कोरडा पडलाय म्हणाला. मी एका लव्हाळ्याच्या बुडाचा पांढरा भाग सोलून त्याच्या हातात दिला. तो चावत राहिला. गोडसर पाणी असतं त्यात. लहान मुलं खातात.

"मी जन्मभराची शपथ घेतो," तो म्हणाला. "आत्ता, तुमच्यासमोर."

"नको. तुझ्या जन्मभराच्या शपथा मी पुष्कळ ऐकल्या. त्याच ढिगाखाली कुजतायत. प्रभूने आपल्याला प्रार्थना शिकवली, तीत भाकर मागायची ती आजची. वर्षाची मागायला त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपण वर्षातून एकदाच त्याच्याकडे गेलो असतो."

तो हसला नाही, पण खांदे जरा सैल पडले.

"किती कापू?"

"आजच्यापुरती. एक मोळी."

त्याने एक मोळी कापली, बांधली, आणि त्याहून एकही काडी जास्त घेतली नाही. मग होडी वळवायची वेळ आली. मी वल्ह्याला हात लावला नाही. होडीचं नाक थोडा वेळ तसंच राहिलं, ना इकडे ना तिकडे. त्याने ते घराकडे वळवलं.

घरी पोचल्यावर तो मोळी घेऊन थेट इलारियोच्या दारात गेला. म्हणाला, मामा, उद्यावर कशाला, करवत आजच काढा. इलारियो गोंधळला. त्याला वाटलं हा स्वतःलाच कापून घ्यायला आलाय. नेमेसियो म्हणाला की ढिगाखालचं सगळं टोक सडलंय, ते बेटाला खाली ओढतंय. ते मी सडवलं, तर कापायला मीच एका बाजूला उभा राहतो. उपासनेची झोपडी आधी अलीकडे घ्या. माझं घर त्या तुकड्यावर आहे, ते घ्यायचं की जाऊ द्यायचं, तुम्ही ठरवा.

इलारियोने माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेरची करवत उचलली.

झोपडी चौघांनी उचलून आणली. लव्हाळ्याचं घर उचलायला जड नसतं. मग नेमेसियोच्या घरापाशी सगळे थांबले. कोणी पुढे होईना. तेवढ्यात विल्मा माझ्या चुलीपासून उठली, ओल्या ढिगावरून घोट्यापर्यंत रुतत गेली आणि तिने त्या घराचा एक कोपरा धरला. एका कोपऱ्याने घर उचलत नाही. ती धरूनच राहिली. मामाकडे पाहिलंसुद्धा नाही.

इलारियो पुटपुटला. प्रमुखाने उपासनेच्या दुसऱ्या दिवशी पुटपुटू नये असं काहीतरी. मग त्याने दुसरा कोपरा धरला आणि नेमेसियोवर खेकसला, "बघत काय उभा राहिलास? उचल. घर तुझं आहे."

दुपारभर करवत चालली. एका टोकाला इलारियो, दुसऱ्या टोकाला नेमेसियो, दोघेही पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. इलारियोचं तोंड थांबलं नाही: अरे ओढ, ढकलू नकोस, एवढं साधं कळत नाही, मासे सोडायला बरं कळत होतं. नेमेसियो एका शब्दाने उलटून बोलला नाही. संध्याकाळी दोर सोडले, आणि तो वाफाळता ढीग डुलत डुलत वाऱ्याबरोबर निघून गेला. त्यावर लगेच पक्षी उतरले.

आमचं बेट लहान झालं. उपासनेची झोपडी आता इलारियोच्या मासे वाळवायच्या जागेला खेटून आहे, त्यामुळे प्रार्थनेत मासळीचा वास येतो. नेमेसियो पहाटे येऊ लागला. पेटून बिटून नाही. बहुतेक वेळा भिंतीला टेकून पेंगायचा. इलारियोचा नवा पिंजरा त्याने विणून दिला, त्याबद्दल इलारियोने त्याला कधी बरं म्हटलं नाही.

खोटं का सांगू, ऑगस्टमध्ये तो पुन्हा प्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतला आणि विल्माने त्याला आत घेतलं नाही, होडीतच झोपला. त्यानंतरच्या पहाटे आम्ही प्रार्थनेला बसलो होतो, माझं बोट वचनाच्या मध्यावर होतं, तेव्हा दारातला उजेड कमी झाला. तो बाहेर उभा होता. आत येत नव्हता, जातही नव्हता. मी वाचायची थांबले. आता पूर्वीसारखं तो पुढच्या सभेपर्यंत तोंड लपवणार, असं माझ्या मनात आलं.

इलारियो मान न वळवता म्हणाला, "दार अडवलं की थंडी जात नाही, नुसता अंधार होतो. आत ये."

तो आला. सगळ्यात मागे बसला. प्रार्थना संपल्यावर गंजीतून कवळ उचलली आणि जिथे ओलं होतं तिथे पसरत गेला. दोन दिवसांनी विल्माने त्याची वळकटी होडीतून घरात आणली.

नंतर एकदा मी आणि इलारियो जाळं सुकवत बसलो होतो. समोर नेमेसियो वाकून लव्हाळा पसरत होता, आणि धाकटी त्याच्या मागे तिच्या मुठीत मावतील तेवढ्या काड्या घेऊन फिरत होती. इलारियो बराच वेळ बघत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "टिकेल का गं हा?"

"आज आलाय," मी म्हटलं.

त्याने जाळ्यातली एक गाठ सोडवली.

"मग त्याला सांग, माझ्या चुलीपाशीही ओलं झालंय."